जुन्या पिकअपच्या केबिनची वायरिंग: नवे दिवे लावण्याआधी जुने जोड शोधा

चोपडा तालुक्यातल्या एका भाऊंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: पिकअप २०११ ची, तिसऱ्या हाताची. केळीच्या दिवसांत केळी, मग कपाशी, मधे मिळेल ते भाडं. केबिनचा दिवा दार आपटलं तर लागतो, नाहीतर नाही. इंडिकेटर दिला की मीटरचे दिवेही त्याच्याबरोबर लुकलुकतात. खराब रस्त्याला एक फ्यूज वारंवार उडायचा, म्हणून कोणीतरी १० च्या जागी ३० अँपिअरचा बसवून दिला, तेव्हापासून उडत नाही. गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ मारत नाही. एका वायरिंगवाल्याने पाहून सांगितलं, सगळी वायरिंग नवीन टाका. आणि भाऊंना वरून केबिनमध्ये एलईडी, पंखा, मोबाईल चार्जिंग आणि रात्री माल भरायला हौद्यात दिवे हवेत. जुन्या वायरिंगवर हे चालेल का, की नवीनच टाकायची?

एलईडीचं नंतर बघू. तो ३० चा फ्यूज आज काढा. पात्यांच्या फ्यूजमध्ये लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा. तुमच्या गाडीत लालच्या जागी हिरवा बसलाय. ज्या लाईनला कंपनीने १० चा दिला, तिची वायर साधारण पाऊण ते एक स्क्वेअर एमएमची असते. फ्यूज त्या वायरीच्या मापाने ठरलेला असतो, दिव्याच्या मापाने नाही. आता शॉर्ट झालं तर फ्यूज शाबूत राहील आणि डॅशबोर्डमागे वायर तापून तिचं प्लॅस्टिक वितळेल, शेजारच्या वायरींनाही घेऊन. "तेव्हापासून उडत नाही" याचा अर्थ बिघाड गेला असा नाही. बिघाड तिथेच आहे, फक्त सांगणारा बंद केला. लाल फ्यूज लावा, चार जादा जवळ ठेवा, आणि उडेल तेव्हा गाडी कुठे होती, काय चालू होतं ते लक्षात ठेवा. शोधायला तेच कामी येतं.

आता मूळ दुखण्याकडे. तुम्ही चार तक्रारी सांगितल्या, पण गाडी तिसऱ्या हाताची आहे हे वाचल्यावर मला त्या चार वाटत नाहीत. माझ्याकडे फैजपूर-सावदा पट्ट्यातल्या केळीच्या गाड्या येतात. कंपनीची मूळ वायरिंग इतक्या वर्षांनीसुद्धा बहुतेक ठिकाणी ठीक असते. खराब असतात ते तिच्यावर नंतर मारलेले जोड. पहिल्या मालकाने गाण्यांचा टेप बसवला, दुसऱ्याने पंखा, कोणी पाटीमागे लाईटची पट्टी, कोणी जीपीएस. प्रत्येकाने जवळची जी वायर सापडली ती सोलून तिला पीळ दिला आणि वर टेप गुंडाळली. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे ऊन जातं, बंद केबिनमध्ये त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेत साध्या टेपेचा डिंक पातळ होतो, टेप सरकते, तांबं उघडं पडतं. त्यात उघड्या शेडमध्ये उभी राहणारी गाडी असेल तर उंदीर आहेतच.

म्हणून सगळी वायरिंग बदला असं मी लगेच म्हणणार नाही. मात्र गाडी मी पाहिलेली नाही, तेव्हा काही गोष्टी तिच्या अवस्थेवर सोडाव्या लागतील. वायरीचे रंग आणि फ्यूजची वाटणी मॉडेलप्रमाणे, वर्षाप्रमाणे बदलते, त्यामुळे "अमुक रंगाची वायर कापा" असं कोणी न बघता सांगितलं तर ऐकू नका. तसंच वायरीचं कवच कडक पडलंय का ते हातानेच कळतं: डॅशखालची एखादी मूळ वायर बोटाभोवती वाकवा. तडे गेले तर ते हार्नेस, म्हणजे एकत्र बांधलेला वायरींचा जुडगा, संपलं. तडे नसतील तर ते वाचवण्यासारखं आहे.

इंडिकेटरबरोबर मीटरचे दिवे लुकलुकणं हे जवळजवळ नेहमी अर्थचं काम असतं. प्लसला वायर असते, पण मायनसची परत वाट म्हणजे गाडीचा पत्रा, आणि पत्र्यापासून बॅटरीपर्यंतची पट्टी. पिकअपची केबिन चासीवर रबराच्या बुशावर बसते. म्हणजे केबिन आणि चासी यांना विजेने जोडणारं एकच, ती वेणीसारखी तांब्याची पट्टी किंवा काळी वायर. ती गंजली की मोरीचं तोंड तुंबल्यासारखं होतं: नळाला पाणी भरपूर, पण जायला वाट नाही, मग ते भलतीकडून वाट काढतं. इंडिकेटरचा करंट मीटरच्या बल्बमधून उलटा फिरून जातो आणि तो बल्ब त्याच्या तालावर नाचतो. अशा वेळी लोक फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बदलतात, मीटर उघडतात, बल्ब बदलतात. काही फरक पडत नाही.

तपासायला मल्टिमीटर लागेल, साधा चालतो. डीसी व्होल्टवर लावा. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, क्लॅम्पवर नाही, खांबाच्या शिश्यावरच. लाल पिन केबिनच्या उघड्या पत्र्यावर, रंग खरवडलेल्या जागी. मग हेडलाईट, ब्लोअर, इंडिकेटर सगळं चालू करा. काटा किंवा आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाखवला तर तुमचा चोर सापडला. मल्टिमीटर नसेल तर जंपर केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं केबिनच्या पत्र्याला दाबून धरा. मीटरचे दिवे एकदम उजळले आणि लुकलुकणं थांबलं तर तीच खात्री.

दुरुस्ती स्वस्त आहे, फक्त ती नीट करावी लागते. बॅटरीचा मायनस काढा (कोणतंही काम करताना आधी मायनसच काढायचा, घड्याळ-अंगठी उतरवून). बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन आणि चासी ते केबिन, या तिन्ही जागा उघडा. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. पट्टी हिरवी पडली असेल तर नवी टाका, बॅटरीपासूनची जाड आणि केबिनची निदान ६ स्क्वेअर एमएमची, दोन्ही टोकांना दाबलेले लग (वायरीच्या टोकाला बसणारं धातूचं टोपण). दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा. आधी ग्रीस लावून मग बोल्ट आवळणारेही पाहिलेत. धातूला धातू लागला पाहिजे, ग्रीस फक्त बाहेरून पाणी अडवायला. बॅटरीच्या क्लॅम्पवर पांढरी पावडर असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, पाणी बॅटरीच्या बुचांत जाऊ देऊ नका.

अर्थ नीट झाल्यावर मीटरचे दिवे लुकलुकणार नाहीत, पण मंद राहिले तर आणखी दोन जागा बघा. एक, दिव्यांची तीव्रता कमी-जास्त करणारं छोटं चाक, काही गाड्यांत असतं. त्याच्या आतली तार वर्षानुवर्षे एकाच जागी राहून काळी पडते. ते पाच-दहा वेळा इकडून तिकडे फिरवा, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. दुसरी जागा लाईटचा स्विच. आधीच्या मालकाने हेडलाईटला १००/९० चे बल्ब रिलेशिवाय (रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावले असतील तर स्विच आतून भाजलेला असणार. मूळ ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट, सुमारे ९ अँपिअर. ९० वॅटचे दोन म्हणजे १५ अँपिअर, तेही त्याच स्विचमधून. मीटरचे दिवे आणि पार्किंगही तिथूनच निघतात, म्हणून हेडलाईटच्या हौशीची किंमत मीटर भरतं. आणि एक मामुली गोष्ट, पण ती निघते: बल्ब काढून त्याच्यावरचे व्होल्ट वाचा. ट्रकचं सामान ठेवणाऱ्या दुकानात २४ व्होल्टचे बल्ब दिसायला अगदी सारखेच असतात. पिकअप १२ व्होल्टची. २४ चा बल्ब तिच्यावर लागतो, पण आजारी माणसासारखा.

केबिनचा दिवा. जुन्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी या दिव्याला प्लस कायम असतो आणि दाराच्या खांबातलं बटण मायनस जोडतं. आधी हे तुमच्या गाडीत तसंच आहे का बघा: बटणाचा स्क्रू काढा, बटण बाहेर ओढा, त्याची वायर सुटी करून स्वच्छ पत्र्याला टेकवा. दिवा लागला तर वायर, बल्ब, प्लस सगळं ठीक, दोष बटणाचा किंवा बटण जिथे बसतं त्या गंजलेल्या भोकाचा. तुमचा दिवा दार आपटल्यावर लागतो यावरून माझा कौल बटणालाच आहे. भोक घासा, बटण नवीन टाका. वायर मात्र खांबात आत पडू देऊ नका, चिकटपट्टीने बाहेर अडकवून ठेवा, नाहीतर ती काढता काढता दुपार जाईल. दिवा लागला नाही तर छताचं कव्हर उतरवा. दोन टोकांचा लांबट बल्ब ज्या पितळी पात्यांत बसतो त्या ढिल्या झालेल्या असतात, त्या हलक्या हाताने आत वाकवा, टोकं घासा.

इथे एक हिशोब लक्षात ठेवण्यासारखा आहे. बटणाकडे जाणारी वायर दिव्याच्या पलीकडे आहे. ती कुठे सोलून पत्र्याला लागली तर दिवा नुसता लागून राहील, फ्यूज उडणार नाही. म्हणजे तुमचा उडणारा फ्यूज या बटणामुळे नाही. तो प्लसच्या बाजूचा शॉर्ट आहे, आणि खराब रस्त्यालाच होतो म्हणजे हलणारी वायर कुठेतरी पत्र्याला घासते.

ती शोधायला फ्यूजवर फ्यूज जाळू नका. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी लावा आणि फ्यूजच्या जागी ही दोन टोकं घाला. त्या लाईनवरची सगळी यंत्रं बंद करा, टेपचा सॉकेट काढा, केबिनच्या दिव्याचा बल्ब काढा. आता शॉर्ट नसेल तर तुमचा बल्ब विझलेला राहील. शॉर्ट झाला की तो पूर्ण प्रकाशाने लागेल, आणि वायरीतून दोन अँपिअरसुद्धा जाणार नाहीत, त्यामुळे जळण्याची भीती नाही. मग एकजण बल्बकडे बघत बसेल आणि दुसरा हार्नेस थोडं थोडं हलवत जाईल. जिथे हलवल्यावर बल्ब लुकलुकला तिथे वायर आहे. एकटे असाल तर बल्ब लांब वायरीने खिडकीबाहेर टांगा.

कुठून सुरुवात करायची? माझा क्रम असा: आधी टेपच्या मागचं गुंतवळ, कारण सगळ्यात जास्त सोललेले जोड तिथेच. मग इंजिनच्या भिंतीतून वायरी केबिनमध्ये येतात ते भोक, तिथलं रबर निघालेलं असेल तर पत्र्याची धार वायर कापते. मग स्टेअरिंगखालचा भाग, जिथे स्टेअरिंग वाकवताना हार्नेस ओढलं जातं. मग डाव्या बाजूची चटई उचला, केबिन धुताना पाणी तिथे साचतं. शेवटी छत आणि खांब: सीटकव्हर, स्पीकर किंवा पडदा लावताना कोणी लांब स्क्रू घुसवला असेल तर तो थेट वायरीत गेलेला सापडतो. कपाशीच्या बोंडांचे तंतू किंवा कागदाचे तुकडे डॅशमागे दिसले तर उंदराचं घर समजा, आणि त्याच्या आसपास हातभर वायर बारकाईने बघा.

दोन दिवसांत बॅटरी उतरणं. आधी बॅटरीच म्हातारी नाही ना, हे बघा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ च्या खाली म्हणजे निम्म्याहून रिकामी. गाडी चालू करून, हेडलाईट लावून, थोडा रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ हवेत. त्याच्या खाली असेल तर अल्टरनेटर (लोक त्यालाही डायनामोच म्हणतात) पुरेसं भरत नाही, १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय. मग नवे एलईडी लावून उपयोग नाही, आठवड्यात उडतील. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून "डायनामो भरतो का" बघायची जी पद्धत आहे, ती कृपा करून कोणाला करू देऊ नका. जुन्या ब्रशच्या डायनामोत चालायचं, आताच्या अल्टरनेटरचे डायोड त्याने जातात.

बॅटरी आणि चार्जिंग ठीक असेल तर गाडी बंद असताना कोणीतरी करंट पितंय. चावी काढा, दारं लावा, मायनसचा क्लॅम्प काढून खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये ५ वॅटचा बल्ब जोडा. बल्ब दिसण्याइतका लागला तर गळती मोठी आहे. लागला नाही तर त्याच जागी मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर दोष धरू नका. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका आणि इंजिन तापवणाऱ्या हीटरसाठी चावीही फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. जास्त दाखवला तर एक एक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा खाली येतो ती लाईन. कोणत्याच फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरचा डायोड किंवा बॅटरीवरून थेट घेतलेली एखादी जोडणी धरा. तुमच्याकडे मला सरळ संशय छताच्या दिव्याचा आहे. तो कधी लागतो, कधी नाही, म्हणजे तुम्ही गेल्यावरही तो लागत असेल. १० वॅटचा बल्ब ०.८ अँपिअरच्या वर खातो, दोन दिवसांत ४० अँपिअर-अवर. जुन्या बॅटरीला तेवढं पुरतं. कव्हर मंद असतं, दिवसा ते कळतही नाही. रात्री अंधारात एकदा खिडकीतून बघा. कर्जावर घेतलेल्या गाडीत फायनान्सवाल्यांनी जीपीएस बसवलेला असतो, तोही थोडं पितो, पण तो चांगल्या बॅटरीला दोन दिवसांत पाडत नाही.

इथपर्यंतचं काम म्हणजे अर्थ, बटण, फ्यूजची लाईन आणि गळती. हे झाल्यावर हार्नेस हातात घेऊन ठरवा. नंतर मारलेले सगळे जोड काढून टाकल्यावर जे मूळ उरतं ते मऊ आहे, दोन-तीन ठिकाणीच सोललंय, तर तेवढेच तुकडे बदला. लांबलचक भाग काळा पडलाय, एकमेकांना चिकटलाय किंवा उंदराने पाच-सात जागी खाल्लाय, तर तुमचा वायरिंगवाला बरोबर आहे, केबिनचं हार्नेस बदला. तेव्हाही चासीचं आणि इंजिनचं हार्नेस कारणाशिवाय काढू नका. नव्या हार्नेसचे सॉकेट तुमच्या मॉडेलचे आहेत ना, हे जुनं समोर ठेवून बघा, कारण एकाच गाडीत मधल्या वर्षांत मीटर बदललेला असतो.

आता तुमच्या हौशीचं. पंखा, चार्जिंग, हौद्याचे दिवे, केबिनचे एलईडी यांपैकी एकही गोष्ट जुन्या वायरीला सोलून जोडायची नाही. माझा हट्ट एवढाच. नव्या सामानाला नवी लाईन, स्वतःचा फ्यूज, स्वतःची अर्थ. मग उद्या पंखा बिघडला तर पंखाच बंद पडेल, इंडिकेटर नाही.

बॅटरीच्या प्लसवरून ६ स्क्वेअर एमएमची वायर घ्या. बॅटरीपासून वीतभर अंतरातच ३० चा फ्यूज होल्डर लावा. इथे ३० चा चालतो, कारण वायरच तशी जाड आहे. फ्यूज बॅटरीजवळ नसून केबिनमध्ये असेल तर मधल्या वायरीला कोणी वाली नाही. इंजिनच्या भिंतीतून रबर घालूनच आत या. आत छोटी सहा खान्यांची फ्यूज पेटी मिळते, जळगाव-भुसावळ-धुळ्याला कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात. तिच्याआधी चार पायांचा रिले: ३० वर बॅटरीकडून आलेली जाड वायर, ८७ वरून पेटीला, ८६ ला चावीवरची लाईन, ८५ अर्थला. म्हणजे चावी काढली की पंखा, चार्जिंग आपोआप बंद. ड्रायव्हर गाडी सोडून चहाला गेला आणि पंखा चालू राहिला, असं होत नाही. चावीच्या लाईनवर फक्त रिलेचं कॉइल येतं, त्याला पाव अँपिअरही लागत नाही, त्यामुळे तिला त्रास नाही.

पेटीतून पुढे: दोन खान्यांचा जलद चार्जर ३६ वॅटचा धरला तर ३ अँपिअर, त्याला ५ चा फ्यूज आणि एक स्क्वेअरची वायर. पंख्याला ५ चा. टेपला त्याच्यावर लिहिलेला, बहुधा १० चा. केबिनच्या एलईडीला ३ चा पुरतो. पेटीची अर्थ जाड वायरीने थेट त्या घासलेल्या केबिनच्या बोल्टला न्या, डॅशच्या कोणत्याही स्क्रूला नाही.

वायर घेताना घरातल्या फिटिंगची एकतारी घेऊ नका, हादऱ्याने ती आतून तुटते आणि बाहेरून कळत नाही. गाडीची वायर बारीक तारांची असते. स्वस्त रीळ घेतलं तर टोक सोलून चाकूने खरवडा, आतून पांढरं निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअम आहे, परत द्या. जोड पिळून टेप मारण्याऐवजी दाबायचे लग वापरा आणि वर आकसणारी नळी. डाग (सोल्डर) दिला तरी चालेल, पण डागापाशी वायर कडक होऊन तिथेच तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजू बांधून घ्या. सगळं मिळून कापडी टेप किंवा पन्हाळीदार पाईपमध्ये घाला.

एलईडीत लोक पट्टीच्या मागे लागतात. त्या पट्टीचं गणित सांगतो. साध्या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टन्स असे गट असतात. तीन एलईडी मिळून साडेनऊ व्होल्टच्या आसपास घेतात. १२ व्होल्टवर रेझिस्टन्सच्या वाट्याला अडीच व्होल्ट येतात. गाडी चालू असताना १४.४ झाले की वाढलेले सगळे व्होल्ट त्या बिचाऱ्या रेझिस्टन्सवर पडतात, अडीचचे पावणेपाच-पाच होतात आणि करंट जवळजवळ दुप्पट. दुकानात लखलखणारी पट्टी गाडीत उन्हाळ्याभरात काळवंडते ती यामुळे, आणि मागचा डिंक तर मेमध्येच सुटतो. त्याऐवजी ट्रकसाठी मिळणारे, आत करंट आवरणारं सर्किट (त्याला ड्रायव्हर म्हणतात) असलेले, १० ते ३० व्होल्ट लिहिलेले छोटे दिवे घ्या आणि स्क्रूने बसवा. रंग ४००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे निळसर नसलेला पांढरा. निळसर पांढऱ्यात कागद वाचून डोळे थकतात आणि रात्री पुढच्या काचेत त्याचं प्रतिबिंब पडतं.

छताच्या मूळ दिव्यातच एलईडी बल्ब बसवायचा तर जुन्याची लांबी मोजून न्या: ३१, ३६, ३९, ४१ मिलिमीटर असे येतात. रुंद पाटीचा एलईडी घेतला तर त्याच्या कडा मागच्या पत्र्याला लागत नाहीत ना बघा, लागल्या तर फ्यूजची जुनी कहाणी पुन्हा सुरू. एलईडी पेटला नाही तर उलटा फिरवून बघा, एलईडीला प्लस-मायनस असतो. हेच मीटरच्या छोट्या बल्बना. पण तिथे एलईडी टाकल्यावर तीव्रतेचं चाक फारसं काम करत नाही, ते जुन्या बल्बच्या करंटच्या हिशोबाने बनवलेलं असतं.

मीटरमधला एक बल्ब मात्र बदलू नका: चावी लावल्यावर लागणारा लाल बॅटरीचा. पुष्कळ जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो, त्यावर ते भरायला लागतात. त्याच्या जागी एलईडी टाकला तर तेवढा करंट जात नाही आणि गाडी चालू करून कितीतरी वेळ, कधी रेस देईपर्यंत, चार्जिंगच सुरू होत नाही. मग लोक अल्टरनेटर उघडतात. इंडिकेटरलाही एलईडी टाकू नका, टाकलेच तर एलईडीचा फ्लॅशर बरोबर घ्या, नाहीतर जुना फ्लॅशर बल्ब उडालाय असं समजून धडाधड लुकलुकतो.

हौद्याच्या दिव्यांना पाणी आणि केळीचा चीक लागणार, म्हणून सीलबंद, आयपी ६७ लिहिलेले घ्या. ५ वॅटचे चार म्हणजे २० वॅट, पावणेदोन अँपिअर. सहा तास लावून माल भरला तरी १० अँपिअर-अवर, गाडी बंद असताना बॅटरी झेपवते. जुना ५५ वॅटचा हॅलोजन एकटाच तेवढ्या वेळात २७ खाईल. वायर दीड स्क्वेअरची, अर्थसुद्धा वायरीनेच केबिनपर्यंत आणा, हौद्याच्या गंजक्या पत्र्यावर भरवसा ठेवू नका. चासीच्या आतल्या बाजूने, सायलेन्सरच्या उलट्या कडेने क्लिपा मारत न्या, आणि फाळका उघडताना वायर चेपणार नाही हे बघा. ही लाईन चावीच्या रिलेवर नको, कारण माल भरताना गाडी बंद असते. रिलेच्या आधीच, बॅटरीच्या फ्यूजनंतर तिला ५ चा वेगळा फ्यूज द्या, आणि स्विचला लाल खुणेचा दिवा असलेला घ्या, म्हणजे चालू राहिला तर ड्रायव्हरला दिसेल. रस्त्याला ते बंदच हवेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या १०८ व्या नियमाने मागे लाल आणि रिव्हर्स वगैरे ठरलेले दिवे सोडून दुसरा प्रकाश दाखवता येत नाही, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत तो सरळ जातो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पासिंग दरवर्षी असतं, तिथे लोंबत्या वायरी आणि केबिनमधल्या निळ्या-लाल पट्ट्यांवर बोट ठेवलं जातं, त्या निघून गेलेल्या बऱ्या.

काम झाल्यावर गळतीची मोजणी पुन्हा एकदा करा, नवं सामान लावल्यानंतरची. आणि फ्यूज पेटीच्या झाकणाच्या आतून कागद चिकटवा: कोणता खाना कशाचा, किती अँपिअरचा, वायर कुठून गेली. रात्री रस्त्याला फ्यूज उडाला तर ड्रायव्हर त्याच आकड्याचा लावेल.